पूजेत मन लागत नाही, गोधडी शिवताना लागतं

पत्र थोडक्यात असं आहे. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय, वय 46. जून 2020 च्या निसर्ग वादळात वाडीतल्या जवळजवळ सगळ्या पोफळी आणि बरेचसे नारळ आडवे झाले, पडवीची कौलं उडाली. ते सावरतंय तोवर एप्रिल 2021 मध्ये नवरा कोविडने गेला, तोही दवाखान्यात, शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही. घरात सासूबाई आहेत, मुलगा पुण्याला नोकरीला, दोन खोल्या पर्यटकांना देतात त्यावर घर चालतं. नवरा गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी त्यांनी त्याचे शर्ट, पंचे आणि सासूबाईंची जुनी लुगडी काढून गोधडी शिवायला घेतली. शिवताना मन शांत होतं, नवऱ्याशी बोलणं होतं, देवाशी भांडणही होतं. पण रोजच्या देवपूजेत (ती आधी नवरा करायचा, आता त्या करतात) हात नुसते चालतात, आत काही हलत नाही. जाऊबाई म्हणतात हे प्रारब्ध आहे, शिवणं सोड आणि जपाला बस. शेजारच्या काकी म्हणतात गेलेल्या माणसाचे कपडे असे घरात वापरू नयेत. खोलीत राहून गेलेल्या एक पाहुण्या म्हणाल्या, देवाला तुमच्यातली कला बाहेर काढायची होती म्हणून हे घडलं, आणि गोधडी विकत मागितली. मुलगा म्हणतो इन्स्टाग्रामवर टाकू. आणि गोधडी संपत आली की ताई रात्री बसून शेवटचे टाके उसवतात. त्यांचा प्रश्न: "ही साधना आहे का पळवाट? आणि एवढं सगळं झालं त्याचा अर्थ हाच होता का, की मी गोधड्या शिवाव्यात?"

ताई, नमस्कार. सगळ्यात सोपा प्रश्न आधी उरकते. गेलेल्या माणसाचे कपडे म्हणून घाबरवणाऱ्या ज्या काकी आहेत ना, त्यांच्याच घरात उद्या बाळ आलं तर त्या आजीच्या नाहीतर पणजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शोधतील, कारण जुनं सुती मऊ असतं, आणि ती पणजी हयात आहे का हे तेव्हा कोणी विचारणार नाही. आपल्याकडे गोधडी कोऱ्या कापडाची कोणी शिवतच नव्हतं. बंगालातला कांथा पण तसाच, जुन्या साड्यांचे थर लावायचे आणि साडीच्या काठातूनच रंगीत दोरे ओढून त्याने टाके घालायचे. कोणाच्या तरी अंगावर झिजलेलं कापड हाच या कामाचा माल आहे. काकींशी वाद घालू नका, "हो का" म्हणा आणि सुईत दोरा ओवा.

आता तो मोठा प्रश्न, हाच अर्थ होता का. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी जरा जोरातच देते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, समुद्र तापलेला होता, त्याचं वादळ झालं आणि 3 जूनला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, आणि पोफळीसारखं उंच सडपातळ झाड त्या वाऱ्यापुढे काय टिकणार. तुमची वाडी त्याच्या वाटेत होती, तुमच्यासारख्याच हर्णै, आंजर्ले, केळशीकडच्या कितीतरी वाड्या होत्या. त्या सगळ्या घरांतल्या बायकांना धावदोरा शिकवायचा होता म्हणून वादळ आलं नव्हतं. तुमचे यजमान गेले ते एका साथीत गेले, जगभर लाखो माणसं त्यात गेली. त्या पाहुण्या मनाने चांगल्याच असणार, त्यांना तुम्हाला काहीतरी छान द्यायचं होतं. पण तुम्ही लिहिलंय की त्यांचं ऐकून आधी बरं वाटलं आणि मग दुसऱ्या दिवशी भांडी घासताना एकदम राग आला आणि त्या रागाची लाज वाटली. लाज नका वाटून घेऊ, राग बरोबर होता. एक गोधडी चांगली जमली म्हणून माणूस गेल्याचा हिशोब जुळत नाही, आणि तुम्हाला तो जुळवायचाच नव्हता, दुसऱ्या कोणीतरी जुळवून हातात दिला.

गंमत बघा, जाऊबाईंचं प्रारब्ध आणि पाहुण्यांची देवाची योजना, ऐकायला ही दोन टोकं वाटतात, पण दोघी तेच करतायत. झालं ते उगाच झालं असं म्हणायची दोघींनाही भीती वाटते. आणि ही भीती तुम्हालाही चिकटलीये, म्हणून तुम्ही शिवता शिवता मध्येच थांबून स्वतःला विचारता की याच्यातून मला काय शिकायचंय, मी कुठे पोचले, अजून अर्थ का लागत नाही.

ताई, आपल्या कोकणात देवासमोर दुःख कसं मांडतात ते आठवा जरा. शिमग्याला पालखी दारात येते, गुरव नाहीतर मानकरी गाऱ्हाणं घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात याच्यामागे तुझा हेतू काय असं देवाला कोणी विचारत नाही. अमक्याच्या घरात आजारपण आहे, तमक्याच्या पोराला नोकरी नाही, काय चूकभूल झाली असेल तर पोटात घाल आणि राखण कर, झालं. आहे ते देवापुढे ठेवायचं, मोठ्याने ठेवायचं, आणि चार माणसांनी ते ऐकलं म्हणून होकार भरायचा. अर्थ वगैरे नंतरची गोष्ट, बऱ्याच वेळा ती येतही नाही आणि तरी माणसं पुढच्या वर्षी गाऱ्हाणं घालतातच. फक्त आपल्याकडे ते बोलतात पुरुष, बायका मागे उभ्या. 2021 नंतर तुमच्या दारात पालखी आली असेल तेव्हा तुमच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलला असेल, आणि ओटी भरायलासुद्धा तुम्हाला पुढे बोलावलं नसेल अशी मला दाट शंका आहे (त्यावर मी कधीही भांडायला तयार आहे, पण तो वेगळा विषय). तुम्ही लिहिलंय, शिवताना मी त्याला म्हणते पोफळी नेल्यास त्या नेल्यास, माणूस कशाला नेलास. हे तुमचं गाऱ्हाणं आहे हो. ते तुम्ही स्वतःच्या तोंडाने घालताय, एवढंच नवीन आहे त्यात. त्याला साधना म्हणायचं की नाही हे मला किंवा जाऊबाईंना विचारायची गरज नाही. देवाशी इतकं खरं बोलणं ज्या जागी होतं ती जागा देवाची नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मग पूजेत का नाही होत? पत्रात तुम्ही एका ओळीत जाता जाता लिहिलंय की पूजा आधी ते करायचे. मला वाटतं सगळं इथेच आहे. त्यांचा पाट, त्यांची ती उगाळून झिजलेली सहाण, फुलं काढायची त्यांची परडी. तुम्ही रोज सकाळी त्यांच्या जागेवर बसून त्यांचं काम करताय, आणि मग मन लागत नाही म्हणून स्वतःची श्रद्धा तपासताय. श्रद्धेला काही झालेलं नाही. घरातली सगळ्यात रिकामी जागा ती आहे आणि तिथे बसून मन लागावं ही अपेक्षाच जड आहे. काही दिवस पूजा छोटी करून बघा, दिवा लावायचा, एक फूल वाहायचं, उठायचं. षोडशोपचार राहिले तर देव रुसत नाही. सासूबाईंना विचारा त्यांना करायचीये का, म्हाताऱ्या माणसांना असं काही हातात दिलं की बरं वाटतं, आणि मुलगा सुट्टीला आला की त्याला बसवा. कदाचित काही वर्षांनी तुम्हाला परत करावीशी वाटेल, कदाचित नाही.

गोधडीत मन का लागतं याचं मला फार गूढ वाटत नाही. नजर खाली असते, हात तेच तेच करत असतात, टाका मोजून सारखा घालायचा असतो त्यामुळे डोकं भरकटलं तरी लगेच परत येतं, आणि समोर कोणी उत्तर मागत नाही. जपाच्या माळेत तरी दुसरं काय होतं. संतांची यादी काढा, शिंपी, कुंभार, सोनार, माळी, न्हावी, सगळे हाताने काम करणारे, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हातातल्या कामातच भक्ती केली. जाऊबाईंना हे सांगा हवं तर.

पण ताई, त्याच यादीतली एक गोष्ट मला तुम्हाला दुसऱ्या कारणाने आठवून द्यायचीये. तेरच्या गोरोबाकाकांची. चिखल तुडवताना भजनात इतके रंगले की स्वतःचं तान्हं पायाखाली आलं ते कळलं नाही. पुढे पंढरपूरला मूल परत मिळालं असं गोष्टीत आहे, आणि कीर्तनात ती तल्लीनतेची गोष्ट म्हणून रंगवून सांगतात. मला मात्र ती ऐकताना त्यांची बायको दिसते, पाण्याला गेलेली, परत येऊन बघते तर हे. ती चिडली, भांडली, आणि गोष्ट सांगणाऱ्यांनीसुद्धा तिचा राग गाळला नाही हे मला फार आवडतं. सांगायचं एवढंच की हाताच्या कामात बुडणं चांगलं, पण बुडालेल्या माणसाच्या पायाखाली घरातलं कोणी येतंय का हे बघावं लागतं. म्हणजे साधना का पळवाट या तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोधडीत मिळणार नाही, गोधडीवरून उठल्यावर मिळेल. उठल्यावर भूक लागते का, सासूबाईंशी दोन शब्द बोलावेसे वाटतात का, मुलाचा फोन आला तर घेता का. घेत असाल तर बिनधास्त शिवा. सासूबाई जेवायच्या खोळंबतात आणि मुलाचा फोन वाजत राहतो असं व्हायला लागलं तर सुई खाली ठेवायची, मग ती कितीही पवित्र वाटू दे. आणि हो, सासूबाईंचाही मुलगा गेलाय. पत्रात त्या फक्त "घरात सासूबाई आहेत" एवढ्याच आल्यात, आणि त्यांची लुगडी गोधडीत आहेत. त्यांना एक कोपरा शिवायला दिलात का कधी? हात थरथरत असतील, टाके वाकडे येतील, येऊ देत.

आता रात्रीचं उसवणं. याच्यावर मी जरा थांबणार आहे कारण पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. तुम्ही कडेने शिवत शिवत आत येताय, मधला हातभर तुकडा राहिला की उसवता. दवाखान्यातून तुम्हाला फक्त फोन आला, त्यांच्या अंगावर शेवटचं काही घालता आलं नाही, पांघरूण सारखं करता आलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्यांच्याच शर्टांचं पांघरूण तुम्ही इतके दिवस करताय आणि ते पुरं होऊ देत नाही, यात मला काही वेडंबिडं दिसत नाही. मला वाटतं गोधडी संपली की ते बोलणं संपेल, परत एकदा निरोप द्यावा लागेल, अशी धास्ती आहे. असेल कदाचित वेगळं काही, तुम्हाला जास्त माहीत.

पण व्यवहारातली एक अडचण सांगते. झिजलेलं सुती कापड सारखं उसवलं की टाक्याच्या भोकांपाशी फाटायला लागतं, पंच्यांचं तर लवकरच. म्हणजे तुम्ही नाही ठरवलंत तर कापड ठरवेल. तीन वाटा दिसतात. मधला तुकडा मुद्दाम तसाच ठेवायचा आणि गोधडी अर्धवटच घडी घालून ठेवायची, हेही चालतं, पण मग रोज रात्री हात तिकडे जाईल असं मला वाटतं. दुसरं, पुरी करून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवायची, ते तर अजिबात नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरेल आणि परत एक दुःख होईल. मला विचाराल तर पुरी करा आणि वापरा. मुलाला द्या, नाहीतर सासूबाईंच्या अंगावर घाला, नाहीतर स्वतः घ्या. ती मळेल, धुवावी लागेल, कुठेतरी उसवेल, मग परत टाके घालायला काम आहेच की, बोलणं कुठे संपलं.

पुरी कशी करायची तर एक सुचवते. एक शर्ट बाजूला काढा, तो कापायचा नाही, कधीच नाही, म्हणजे सगळं संपलं असं होणार नाही. शेवटच्या फेरीला वेगळ्या रंगाचा पक्का सुती दोरा घ्या, तो उसवायचा नाही असं स्वतःशी ठरवा. आणि हे काम रात्री एकटीने करू नका. कारवारकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका गोधडीसारखी कवंदी शिवतात, ती पुरी करताना चारी कोपऱ्यांना तिकोनी कापडाची फुलं लावतात, फुलांशिवाय कवंदी नागडी दिसते म्हणतात. तुम्हीही शेवटच्या दिवशी दुपारी चार बायका बोलवा, घावणे आणि नारळाचा रस करा, आणि चौघींना चार कोपरे द्या. काकींना पण बोलवा. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी लागतंच.

विकायचं म्हणाल तर ही गोधडी विकायची नाही, हा विषयच बंद. पाहुण्यांनी कितीही पैसे देऊ केले तरी. पण दुसऱ्या शिवून विकायला काहीच हरकत नाही, घराला पैसे लागतात आणि नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त विकायच्या गोधड्या वेगळ्या वेळेला, वेगळ्या कापडाच्या, वेगळ्या जागी बसून शिवा. आणि मुलाला स्पष्ट सांगा की तुझ्या बाबांची आणि वादळाची गोष्ट त्याच्याखाली लिहायची नाही. गोष्ट लावली की माल जास्त खपतो, मान्य, पण मग प्रत्येक गिऱ्हाईकाला तेच परत परत सांगावं लागेल आणि एक दिवस ते पाठ झालेलं निघेल. किंमत लावताना तास मोजा, कापड जुनं म्हणून फुकट धरू नका. गावात उमेदचा (म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचतगट असेल तर त्यात चौकशी करा, मुंबईत त्यांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं तिथे असा माल जातो. कापडाचं तुम्हाला माहीत असेलच तरी ज्या नव्याने सुरू करतायत त्यांच्यासाठी लिहिते, टेरिकॉटचे शर्ट वरच्या ठिगळांना ठीक, आतले थर सुतीच हवेत नाहीतर सुई जात नाही आणि अंगावर गरम होतं, कापड आधी धुऊन आटवून घ्या, आणि मोठी गोधडी धुवायचं काम पाऊस संपल्यावरच काढा. अंगुस्तान वापरा, पाठीला भिंत घ्या, आणि दिवसाच्या उजेडात शिवा.

दिवसाच्या उजेडात हे डोळ्यांसाठीच म्हणत नाहीये. झोप लागत नाही म्हणून उसवणं होत असेल, जेवण तुटलं असेल, किंवा त्यांच्या मागे जावं असे विचार येत असतील, तर ते एकटीने गोधडीवर काढू नका. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, रात्री पण चालू असते, मराठीत बोलता येतं. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना जाऊन सांगितलंत तरी ते पुढची सोय करतील. त्याने तुमची साधना कमी होत नाही. ज्यांना ज्यांना हे पत्र आपलं वाटलं असेल, मग हातात क्रोशाची सुई असो नाहीतर मातीचा गणपती, त्यांनाही हेच सांगते, काम मनाला आधार देतं पण झोप न येणं हा शरीराचा त्रास आहे आणि त्याला औषध असतं.

राहिल्या जाऊबाई. त्यांच्याशी तोडू नका, त्या येऊन बसतात हेच खूप आहे, बाकीचे तर तेराव्यानंतर फिरकले नाहीत असं तुम्हीच म्हणताय. त्यांना जप करायचा असेल तर म्हणावं इथेच पडवीत बसून करा, मी शिवते, आणि मधूनमधून सुईत दोरा तेवढा ओवून द्या, मला चाळिशी लागलीये.